निर्वासितांच्या मनाची जखम आणि ती भरून काढणारी माणसे

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, यंदा मी निर्वासितांच्या मनाविषयी बोलणार. समितीतल्या एका तरुण मित्राने लगेच विचारलं, "काका, तुम्ही गिरणीतले, हा डॉक्टरांचा विषय तुम्हाला कसा काय सुचला?" प्रश्न रास्त आहे. मी साचेवाला. शिक्षण दहावीपर्यंत, पुढचं सगळं वाचनालयात आणि रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत. पण एक सांगतो. साचेखात्यात शेकडो साचे एकदम चालतात तेव्हा शेजारच्याचं बोलणं कानाला ऐकू येत नाही. आम्ही एकमेकांचे ओठ बघायचो, हात बघायचो, डोळे बघायचो. माणूस काय म्हणतोय हे न ऐकता ओळखायची सवय आम्हाला होती. आणि तरीही माझ्या शेजारच्या साच्यावरच्या माणसाचं दुःख मला ओळखता आलं नाही. तिथून हा विषय सुरू झाला.

गिरणी बंद झाल्यावर तो माझा सोबती रोज सकाळी पाळीच्या वेळेला डबा घेऊन गेटवर जायचा. गेट बंद असायचं. तो तिथे उभा राहून परत यायचा. झोप नाही, जेवण नाही, बोलणं नाही. मी त्याला म्हणायचो, "असा बसून काय राहतोस, मोर्चाला चल, हक्क मिळाला की सगळं ठीक होईल." मला मनापासून तसंच वाटत होतं. मन वगैरे श्रीमंतांचे चोचले आहेत, आपला प्रश्न भाकरीचा आणि मानाचा आहे, असं माझं मत होतं. तो दोन वर्षांत गेला. काय झालं होतं त्याला, हे मी शोधत गेलो आणि शोधता शोधता वाचनात कंबोडिया देश आला. गिरणी बंद होणं आणि कंबोडियात घडलं ते, यांची बरोबरी मी करत नाही. ती कुणी करूही नये. पण माणसाचं मन तुटतं कसं आणि सांधतं कसं, हे मला त्या लोकांनी शिकवलं. आज त्यांचीच गोष्ट सांगतो.

बंधू-भगिनींनो, कंबोडिया हा आपल्यासारखाच त्रिशरण-पंचशील पाली भाषेतून म्हणणारा देश. आता आपण जी वंदना घेतली ती तिथल्या विहारातही म्हणतात. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज नावाच्या सशस्त्र संघटनेने राजधानी नोम पेन्ह ताब्यात घेतली आणि लगेच अख्खं शहर रिकामं करायचा हुकूम सोडला. इस्पितळातल्या रोग्यांनासुद्धा खाटेसकट रस्त्यावर काढलं. नाणं-नोट बंद, बाजार बंद, शाळा बंद. भिक्खूंची चीवरं उतरवली, विहारांची कोठारं आणि तुरुंग केले. शिकलेला माणूस म्हणजे शत्रू. चष्मा लावणारासुद्धा संशयित. नवरा एका छावणीत, बायको दुसऱ्या, पोरं तिसऱ्या. कालवे आणि बांध खणायला सगळ्यांना जुंपलं आणि ताटात पातळ पेज. ७ जानेवारी १९७९ रोजी ती राजवट कोसळली. तोपर्यंत पाऊण कोटीच्या आसपास वस्ती असलेल्या त्या देशात १५ ते २० लाख माणसं उपासमारीने, आजाराने आणि हत्येने गेली होती, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. चार वर्षंसुद्धा पुरी झाली नव्हती.

मग उरलेली माणसं चालत थायलंडच्या सरहद्दीकडे निघाली. ऑक्टोबर १९७९ मध्ये साकेओ आणि नोव्हेंबरमध्ये खाओ-ई-दांग या छावण्या उघडल्या. खाओ-ई-दांगमध्ये काही महिन्यांतच सव्वा लाखाहून जास्त माणसं बांबूच्या झोपड्यांतून राहू लागली. डॉक्टर आले, तांदूळ आला, पाण्याचे टँकर आले. पण मदत करणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. पोट भरलं, ताप उतरला, जखम सुकली, तरी माणसं शून्यात बघत बसतात. रात्री ओरडत उठतात. आई पोराला जवळ घेते, पण हसत नाही.

साकेओच्या छावणीत तेव्हा एक कंबोडियन भिक्खू आले. त्यांचं नाव महा घोसानंद. ते आपल्या भारतात बिहारमध्ये नालंदा इथे शिकले होते. त्यांचे बहुतेक सगळे नातलग त्या संहारात गेले होते. छावणीवर तेव्हाही ख्मेर रूजच्या माणसांची दहशत होती. तरी त्यांनी एक बांबूचं साधं विहार उभं केलं. हजारो माणसं जमली. त्यांनी धम्मपदातली वैराविषयीची गाथा म्हटली, जी आपल्यातल्या पोरासोरांनाही पाठ आहे. ते म्हणत गेले आणि जमाव त्यांच्या मागे म्हणू लागला. आणि माणसं रडली. ज्या राजवटीत रडणं हासुद्धा गुन्हा होता, त्या राजवटीतून सुटलेली माणसं पहिल्यांदा चारचौघांत रडली. मी हा प्रसंग आधी वाचला तेव्हा मला तो धर्माचा प्रसंग वाटला. आता वाटतं, तो उपचाराचाही प्रसंग होता.

त्यातले लाखाहून जास्त लोक पुढे अमेरिकेत गेले. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच गावात त्यांची मोठी वस्ती झाली. आणि तिथे एक अजब गोष्ट घडली. १९८० नंतरच्या वर्षांत चाळिशी-पन्नाशीच्या कंबोडियन बाया डोळ्यांच्या दवाखान्यात येऊ लागल्या. म्हणत, दिसत नाही. कुणाला सावल्या दिसत, कुणाला काहीच नाही. डोळा तपासला तर निरोगी. डोळ्यातून मेंदूपर्यंत संदेश जातो का ते यंत्राने पाहिलं तर तोही जातो. अशा दीडशेच्या आसपास बाया त्या भागात निघाल्या. काही डॉक्टरांनी सरळ शिक्का मारला की या सरकारी पैशासाठी सोंग करतात. बघा, गरिबाच्या दुखण्याला पहिलं नाव मिळतं ते सोंगाचं. आपल्या आयाबायांनी हे किती दवाखान्यांत ऐकलं असेल!

पण ग्रेचेन व्हॅन बोमेल नावाच्या डोळे तपासणाऱ्या बाई आणि पॅट्रिशिया रोझे नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई, या दोघींनी ते ऐकून घेतलं नाही. त्यांनी या बायांना विचारलं, तुमच्या देशात तुमच्यावर काय गुजरलं? कुणाच्या डोळ्यांदेखत नवऱ्याला नेलेलं, कुणाच्या समोर पोर उपाशी गेलेलं. रडून रडून दिसेनासं झालं, असं काही जणी सांगत. १९८९ साली त्यांनी हा अभ्यास छापला. ज्या बाया ख्मेर रूजच्या ताब्यात आणि छावण्यांत जास्त काळ राहिल्या, त्यांची नजर जास्त अधू होती. सोंग नव्हतं ते. जे बघवलं नाही ते मनाने बघायचं थांबवलं होतं. पुढे त्यातल्या काही जणींना या दोघींनी एकत्र बसवून बोलतं केलं, रोजच्या व्यवहारातल्या गोष्टी शिकवल्या, आणि काहींच्या प्रकृतीत आणि नजरेतही फरक पडला.

आता प्रश्न येतो की हे काम करणारा माणूस असतो कोण? आपल्याकडे 'मनाचा डॉक्टर' म्हटलं की एकच चित्र उभं राहतं. प्रत्यक्षात दोघं आहेत. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर, तो गोळ्या-औषधं लिहून देतो. दुसरा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, ज्याला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतात. तो गोळी देत नाही. तो मानसशास्त्रात उच्च शिक्षण घेऊन इस्पितळात रोग्यांसोबत काम करून तयार झालेला असतो. माणसाची नीट तपासणी करणं, त्रास कुठला आणि किती हे ठरवणं, आणि बोलण्यातून, सरावातून, पद्धतशीर बैठकांतून तो त्रास कमी करणं हे त्याचं काम. निर्वासितांच्या बाबतीत हे दोघं, त्यांच्या जोडीला समाजसेवक आणि दुभाषी, असा चौघांचा संघ लागतो. एकट्याचं काम नाही ते.

दुभाष्याची गोष्ट मुद्दाम सांगतो. १९८१ साली अमेरिकेतल्या बोस्टन इथे रिचर्ड मोलिका हे मनोविकारतज्ज्ञ आणि जेम्स लाव्हेल हे समाजसेवक यांनी कंबोडिया, व्हिएतनाम आणि लाओसच्या निर्वासितांसाठी मानसोपचाराचा दवाखाना काढला. त्यांनी नियम केला की प्रत्येक डॉक्टरच्या शेजारी त्या समाजातला, दोन्ही भाषा जाणणारा कार्यकर्ता बसेल. तो नुसते शब्द फिरवणारा नव्हे, उपचारातला बरोबरीचा माणूस. कारण नाहीतर काय होतं? शाळेत जाणारी पोरगी नवी भाषा लवकर शिकते, म्हणून दवाखान्यात आईची दुभाषी तीच होते. आता आई आपल्यावर झालेला अत्याचार पोटच्या पोरीच्या तोंडून सांगेल काय? नाही सांगणार. डोकं दुखतं म्हणेल आणि डोकेदुखीची गोळी घेऊन घरी येईल.

दुसरी अडचण शब्दांची. 'डिप्रेशन' हा शब्द ख्मेर भाषेत जसाच्या तसा नाही. मराठीत तरी कुठे आहे? आपली आई म्हणते, "जीव लागत नाही", "छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं". कंबोडियन माणूस म्हणतो, फार विचार येतात. त्याला ते 'कित च्राएन' म्हणतात. तो म्हणतो, अंगातला वारा वर चढला, मान आवळली, छाती धडधडली, आता मी मरतो. या वाऱ्याच्या झटक्याला त्यांच्याकडे 'ख्यॉल' म्हणतात, आणि घरची माणसं नाण्याच्या कडेने पाठ घासून तो उतरवतात. डेव्हन हिंटन या मनोविकारतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं या झटक्यांचा अभ्यास केला. २०१३ साली अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत ग्रंथातही त्याची नोंद झाली. म्हणजे बघा, अडाणी समजल्या गेलेल्या शेतकऱ्याचा शब्द पंडितांच्या पोथीत गेला. बोस्टनच्या मंडळींनी प्रश्नावल्या तयार केल्या त्यासुद्धा अशाच. प्रश्न ख्मेरमध्ये न्यायचा, दुसऱ्या माणसाने तो परत इंग्रजीत आणायचा, आणि अर्थ बदलला असेल तर पुन्हा पहिल्यापासून.

कंबोडियातलेच डॉ. सोथिआरा छिम हे स्वतः लहानपणी त्या श्रमछावण्यांतून वाचलेले. त्यांनी 'बाक्स्बात' या शब्दावर काम केलं. त्याचा अर्थ, धैर्य मोडून पडणं. हाड मोडावं तसं. मोडलेल्या धैर्याचा माणूस नाही म्हणू शकत नाही, तक्रार करत नाही, कुणावर विश्वास टाकत नाही. त्या राजवटीत एक म्हण चालायची की जगायचं असेल तर 'कोर'चं झाड लाव. कोर म्हणजे सावरीसारखं कापसाचं झाड, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मुका. दारात झाड लावायचं म्हणजे मुकं व्हायचं. काही ऐकलं नाही, काही पाहिलं नाही, काही कळत नाही. राजवट गेली तरी ते झाड माणसांच्या आत उभंच राहिलं. डॉ. छिम यांना २०२२ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मग हे झाड उपटायचं कसं? इथे मानसशास्त्रज्ञाची खरी कारागिरी आहे आणि ती घाईची नाही. पहिली पायरी सुरक्षिततेची. ज्याची चौकशी टेबलासमोर बसवून, दार लावून झाली आहे, त्याला तशाच खोलीत बसवून प्रश्न विचारले तर तो पुन्हा त्या कोठडीत जातो. म्हणून खुर्ची कुठे ठेवायची, दार उघडं ठेवायचं का, हे त्यालाच विचारायचं. कधी थांबायचं हेही त्यानेच सांगायचं. मग झोप. दुःस्वप्न पडून दचकून उठलास तर पाय जमिनीला टेकव, भिंतीला हात लाव, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं घे, आज कुठलं साल आहे ते मोठ्याने म्हण. हे साधं वाटतं, पण भीतीच्या पुरात माणसाला आजच्या किनाऱ्यावर आणणारी ती दोरी असते.

त्यानंतर सांगणं. १९७३ नंतर दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात लष्करी हुकूमशाही होती. तिथल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी छळ सोसलेल्या माणसांची साक्ष त्यांच्याच शब्दांत लिहून काढायला सुरुवात केली, आणि १९८३ साली टोपणनावाने तो अनुभव छापला. खऱ्या नावाने छापणं धोक्याचं होतं. त्यांना दिसलं की जे माणसाला आतून पोखरत होतं, तेच कागदावर येऊन पुरावा झालं की माणूस ताठ होतो. जर्मनीतल्या मॅगी शाउअर, फ्रँक नॉयनर आणि थॉमस एल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी अशीच एक पद्धत बसवली. जमिनीवर एक दोरी पसरायची. ती त्या माणसाची जन्मापासूनची जिंदगी. चांगल्या आठवणीला फूल ठेवायचं, वाईट आठवणीला दगड. मग बैठकीमागून बैठक त्या दोरीवरून चालत प्रत्येक दगडाशी थांबायचं आणि गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायची. कारण अशा आठवणींना सुरुवात आणि शेवट नसतो. त्या तुटलेल्या ताग्यांसारख्या कुठेही लोंबत असतात आणि कशातही अडकतात. युगांडातल्या छावण्यांत राहणाऱ्या सुदान, रवांडा आणि सोमालियाच्या निर्वासितांवर ही पद्धत वापरली. आणि तरुण मित्रांनो, हे लक्षात ठेवा, तिथे ती चालवणारी काही माणसं स्वतः निर्वासितच होती, पदवी नसलेली, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेली. २००८ साली निष्कर्ष छापून आले की त्यांच्या हातूनही गुण आला. म्हणजे मानसशास्त्रज्ञाचं मोठं काम फक्त स्वतः बरं करणं नव्हे, दुसऱ्याला हे काम शिकवणं आणि त्याच्या पाठीशी उभं राहणं हेसुद्धा आहे.

आता मी जिथे अडलो होतो त्या जागी येतो. डॅनिश मानसशास्त्रज्ञ इंगर ॲगर आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ च्या सुमारास आपल्या उत्तर प्रदेशात पोलिसी छळ सोसलेल्या माणसांबरोबर ही साक्षीची पद्धत वापरली. साक्ष लिहून झाली की गावासमोर समारंभ करून ती त्या माणसाच्या हाती सन्मानाने द्यायची. पुढे तीच पद्धत कंबोडियात टीपीओ या संस्थेच्या मदतीने आली. तिथे साक्ष विहारात मोठ्याने वाचली जाते, भिक्खू परित्राण पाठ म्हणतात आणि मेलेल्या नातलगांच्या आत्म्यांना पुण्य अर्पण केलं जातं. मला हे खटकलं. आपण आत्मा मानत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला ते स्पष्ट सांगितलं आहे. त्याआधी खाओ-ई-दांगच्या छावणीतसुद्धा रेडक्रॉसचे मनोविकारतज्ज्ञ ज्याँ-पिएर हिएजेल यांनी कंबोडियन वैदूंना दवाखान्याच्या जोडीला जागा दिली होती. मी आयुष्यभर अंगारे-धुपाऱ्यांच्या विरोधात बोललो. मग हे कसं पटवून घ्यायचं?

मी पुष्कळ विचार केला. माझं उत्तर असं आहे. तिथे कुणी पैसे उकळत नाही, कुणी औषध बंद करा म्हणत नाही, कुणी दुःखाचा दोष त्या माणसाच्या मागच्या जन्मावर ढकलत नाही. ज्या माणसाला आपल्या मेलेल्या पोराचा अंत्यविधी करता आला नाही, ज्याच्या हाती राख नाही की हाड नाही, त्याला वीस-तीस वर्षांनी गावासमोर ते नाव मोठ्याने घेता येतं. गाव ऐकतं. आत्म्याविषयी माझं मत बदललेलं नाही. पण रडायला जागा लागते आणि ऐकायला संघ लागतो, हे मी मान्य केलं. ज्याची फसवणूक होत नाही आणि ज्याला मान मिळतो, त्याच्या श्रद्धेची थट्टा करून कुणी त्याला बरं करू शकत नाही.

मित्रांनो, आता उलट बाजूही बघू, कारण मी कामगार चळवळीतला माणूस आहे. थायलंडच्या सरहद्दीवर १९८५ पासून साइट टू नावाची सगळ्यांत मोठी छावणी होती. दीड लाखाच्या आसपास माणसं तारेच्या कुंपणात. बाहेर जायला बंदी, शेती नाही, रोजगार जवळजवळ नाही, पाणी आणि तांदूळ ट्रकने येणार. अशी ती बरीच वर्षं राहिली. मोलिका आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ९९३ प्रौढांना भेटून पाहणी केली आणि १९९३ साली ती छापली. निम्म्याहून जास्त, सुमारे ५५ टक्के लोकांत उदासीनतेच्या आजाराची लक्षणं होती. पण त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. एवढं सोसूनही बहुसंख्य माणसं आपलं घर सांभाळत होती, शेजाऱ्याला मदत करत होती, काम मिळालं तर करत होती. पुढच्या विश्लेषणात दिसलं की ज्यांना काही काम होतं, ज्यांची धर्मोपासना चालू होती, जे दुसऱ्याच्या उपयोगी पडत होते, त्यांची मनं जास्त टिकली.

याचा अर्थ काय? कुंपण तसंच ठेवून नुसतं समुपदेशन केलं तर ती अर्धी मदत. चांगला मानसशास्त्रज्ञ हे जाणतो आणि म्हणूनच तो खोलीबाहेरही बोलतो. एखाद्याला देशात ठेवायचं की परत पाठवायचं याचा निकाल असतो तेव्हा अधिकारी म्हणतो, या माणसाच्या सांगण्यात तारखा जुळत नाहीत, हा खोटारडा. तिथे मानसशास्त्रज्ञ अहवाल लिहून देतो की भयंकर आठवणी अशाच विस्कटलेल्या असतात, तारीख चुकणं हे खोटेपणाचं लक्षण नव्हे. नोम पेन्हमध्ये ख्मेर रूजच्या पुढाऱ्यांवर खटले चालले, २०१० साली पहिला निकाल लागला, २०२२ पर्यंत ते न्यायालय चाललं. साक्षीदार पिंजऱ्यात उभे राहायचे तेव्हा टीपीओचे मानसशास्त्रीय कार्यकर्ते त्यांच्या शेजारी बसलेले असायचे. हात थरथरला तर पाण्याचा पेला पुढे करणारे. न्यायाशिवाय मन पुरतं भरत नाही, आणि मोडलेल्या मनाने न्यायासाठी उभं राहता येत नाही. मी माझ्या सोबत्याला फक्त पहिलं अर्धं वाक्य सांगत होतो. दुसरं अर्धं मला ठाऊकच नव्हतं.

आणि "काळ हे औषध आहे" असं आपण सहज म्हणतो ना? २००५ साली लाँग बीचच्या कंबोडियन वस्तीतला एक अभ्यास छापून आला. त्यांना अमेरिकेत येऊन वीस वर्षं झाली होती. घर होतं, अन्न होतं, पोरं शिकली होती. तरी तपासलेल्या प्रौढांपैकी ६२ टक्के लोकांत आघातानंतरचा मनोविकार आणि ५१ टक्के लोकांत उदासीनतेचा आजार आढळला. काळ एकटा काही करत नाही. माणसांनी काही केलं तर काळ मदत करतो.

कंबोडियात स्वतः लोकांनी काय केलं तेही ऐका. १९७९ साली त्या देशात मनोविकारांचा एकही डॉक्टर उरलेला नव्हता. १९९४ साली नोम पेन्हच्या विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला, नॉर्वेच्या मदतीने मनोविकारतज्ज्ञ तयार व्हायला लागले, १९९५ साली टीपीओचं काम सुरू झालं. गावातले शिक्षक, सुईणी, भिक्खू, भिक्खुणी सगळ्यांना ओळखायला शिकवलं की हा वेडेपणा नव्हे, ही जखम आहे. शून्यातून उभं केलं त्यांनी. शून्यातून उभं करणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आजही जगात १२ कोटींच्या आसपास माणसं युद्धामुळे आणि छळामुळे घराबाहेर आहेत. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या छावण्यांत म्यानमारमधून हाकललेले दहा लाखांच्या आसपास रोहिंग्या आहेत. आणि इथे एक कडू गोष्ट मला बोललीच पाहिजे. त्यांना हाकलणाऱ्या देशात बहुसंख्य लोक बुद्धाचं नाव घेणारे आहेत, आणि काही चीवरधाऱ्यांनी त्या द्वेषाला खतपाणी घातलं. महा घोसानंदांनी बांबूचं विहार बांधलं तेव्हा येणाऱ्याला तू कोणत्या बाजूचा असं विचारलं नव्हतं. निर्वासिताचा धर्म विचारून आपली करुणा ठरणार असेल, तर ती करुणा नव्हे. हे या विहारात, या दिवशी, मी स्पष्ट सांगतो.

आता शेवटचं, आपल्या घरातलं. आपल्या वस्तीत निर्वासितांची छावणी नाही. पण न झोपणारी माणसं आहेत. मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. एक, कुणालाही 'डोक्यावर परिणाम झालाय' म्हणू नका. 'त्याला त्रास होतोय' म्हणा. दोन, बोलायची जबरदस्ती करू नका आणि उपदेशही करू नका. शेजारी बसा, चहा पाजा, उद्या पुन्हा या. तीन, त्रास दोन-तीन आठवड्यांच्या वर गेला किंवा माणूस जगण्याला कंटाळल्याचं बोलला, तर सरकारी इस्पितळाच्या मनोविकार विभागात स्वतः सोबत जा. त्याला एकटा पाठवू नका. २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही फुकट सेवा आहे, १४४१६ या नंबरावर रात्री-अपरात्रीही बोलता येतं, मराठीतही. हा नंबर विहाराच्या फळ्यावर कायम लिहिलेला असावा, अशी मी समितीला विनंती करतो.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातल्या कुणीतरी हे शिक्षण घ्या. इंजिनियर व्हा, वकील व्हा, कलेक्टर व्हा, पण आपल्यातून मानसशास्त्रज्ञही निघू द्या. आपल्या आयांचं दुखणं त्यांच्याच शब्दांत कळणारा माणूस त्या खुर्चीत बसला पाहिजे.

माझा सोबती गेटवर डबा घेऊन उभा राहायचा तेव्हा मी त्याच्याशेजारी पंधरा मिनिटं नुसता उभा राहिलो असतो तरी चाललं असतं. ते मी केलं नाही. तुम्ही करा.

माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावं. 

नमो बुद्धाय. जय भीम.